बोलून ठेवतो

मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यातला, घोडबंदर रोडवरचा, टिकुजिनीवाडीकडे वळायच्या फाट्याचा. दुसरा डोंबिवलीतला, स्टेशनपासून निघालेला मानपाडा रोड जिथे कल्याण-शिळ रस्त्याला मिळतो तिथला. एकाचा पिनकोड ४०० ने सुरू होतो, दुसऱ्याचा ४२१ ने. आमच्या कंपनीने कुठल्या मुहूर्तावर ठरवलं कोण जाणे, पण ऑफिस पहिल्या मानपाड्यात आणि कारखाना दुसऱ्या मानपाड्याच्या अंगाला, एमआयडीसीत. त्यामुळे ऑडिटर कारखान्यात जाऊन बसतात आणि कास्टिंगचा टेम्पो ऑफिसच्या काचेच्या लॉबीसमोर येऊन हॉर्न वाजवतो. अशा वेळी दोन्हीकडून एकच फोन लावला जातो. भाऊंना.

भाऊंचं आडनाव पगारपत्रकात आहे, इतरत्र त्याची गरज पडत नाही. हुद्दा सीनियर असिस्टंट, डिस्पॅच. म्हणजे इनव्हॉइस, ई-वे बिल, कुरिअरची पाकिटं आणि टेम्पोवाल्याचा चहा. वय पन्नाशीच्या पलीकडे, अर्ध्या बाह्यांचा चौकटीचा शर्ट, खिशात दोन पेनं, दोन फोन. एक फोन कंपनीचा, तो वाजतो. दुसरा स्वतःचा, तो थरथरतो. तो थरथरला की भाऊ उठून जिन्यात जातात. आमच्या कंपनीत जे काही महत्त्वाचं घडलं आहे ते जिन्यात घडलं आहे. टेबल लिफ्टच्या तोंडाशी. कोण किती वाजता आलं, कोणाबरोबर आलं, वर जाताना हसत होतं ते खाली येताना का हसत नाही, हे सगळं तिथून दिसतं. एकदा साहेबांनी खूश होऊन त्यांना तिसऱ्या मजल्यावर सुपरवायझर करायचं ठरवलं, केबिनसकट. भाऊंनी हात जोडले. "साहेब, गुडघे. जिना होत नाही." इमारतीला लिफ्ट आहे हे साहेबांना आठवेपर्यंत विषय संपला होता.

कोणाचंही काही अडलं की भाऊ मान जराशी तिरकी करतात आणि म्हणतात, "बोलून ठेवतो." कोणाशी, हे विचारायचं नसतं. फिटरची नाइट शिफ्ट बदलायची असो, अकाउंट्समध्ये अडकलेलं प्रवासबिल असो, डायरेक्टरसाहेबांच्या सोसायटीचा पाण्याचा टँकर असो, की कोणाच्या भाच्याचा अकरावीचा प्रवेश. काम झालं तर भाऊ बोलले म्हणून झालं. नाही झालं तर भाऊ बोलले होते म्हणून निदान एवढ्यावर भागलं. दोन्ही खाती जमेचीच. मला पक्का संशय आहे की निम्म्या वेळा ते कोणाशीच बोलत नाहीत. प्रवासबिल तसंही महिनाअखेरीला निघणारच असतं, हे अकाउंट्समध्ये बसून मला ठाऊक आहे. पण बिल निघालं की माणूस येतो तो माझ्याकडे नाही, लिफ्टजवळच्या टेबलाशी पेढे घेऊन जातो.

हे सामर्थ्य आलं कुठून? माझ्या मते दोन मानपाड्यांमधल्या वाहतूक कोंडीतून. सेल्सच्या पोरांना महिन्याच्या तीस तारखेला माल बाहेर काढायचा असतो आणि कारखान्यातला पॅकिंगचा सुपरवायझर त्यांचा फोन उचलत नाही. कारखान्याला ओव्हरटाइम मंजूर हवा असतो आणि ऑफिसातल्या साहेबांना कारखान्यातल्या कोणाचं नावही धड येत नाही. मधे शिळफाटा. तो आठवड्यातून दोनदा ओलांडणारा माणूस एकच, कागद घेऊन जाणारा. ऑफिसात बोलवा उठली की कारखाना फक्त भाऊंचं ऐकतो. कारखान्यात बोलवा उठली की एमडी फक्त भाऊंचं ऐकतात. दोन्ही अफवा होत्या. भाऊंनी एकही खोडली नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत दोन्ही खऱ्या झाल्या.

या विषयावर मोठमोठ्या माणसांनी डोकं खपवलं आहे. अमेरिकेतल्या मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या नोकरदारांना विचारलं, की तुम्हाला ही नोकरी कोणाकडून कळली. ज्यांना ओळखीतून कळली होती, त्यांच्यातले जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला नेहमी भेटणारे होते. निम्म्याहून अधिक कधीमधी भेटणारे, आणि २८ टक्के तर वर्षातून एखाद्या वेळी किंवा तेही नाही. जिवलग मित्राला तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक आहे. नवी बातमी येते ती अर्धवट ओळखीच्या माणसाकडून. हा निबंध १९७३ साली छापून आला आणि जगभर गाजला. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी लोकांवर तेच पुन्हा तपासलं, तेव्हाही फार घट्ट ओळखीपेक्षा बेताची ओळखच कामाला आली.

मी हे भाऊंना कटिंग पिताना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. "हे शोधायला अमेरिकेत जावं लागलं? आमच्या डब्यात विचारलं असतं तर दिवा यायच्या आत सांगितलं असतं." मग मी सांगितलं, की या निबंधाचा पहिला खर्डा १९६९ मध्ये एका नियतकालिकाने साभार परत केला होता. भाऊंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांना ग्रॅनोव्हेटरबद्दल आपुलकी वाटलेली दिसली. "कोणाच्या ओळखीने पाठवला होता?"

त्यांचा डबा म्हणजे डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या फास्टचा, ठरलेला डबा, ठरलेलं दार. डोंबिवलीकर म्हणून मी याच गाडीने जातो पण त्या डब्यात उभा राहत नाही, कारण तिथे उभं राहायलाही ओळख लागते. आत भजन असतं, पत्ते असतात, दसऱ्याला झेंडूची तोरणं आणि डब्याची पूजा असते, निवृत्त होणाऱ्याला शाल-श्रीफळ असतं. भाऊंना त्यातल्या कोणाचंही पूर्ण नाव ठाऊक नाही. 'कोर्ट', 'आरटीओ', 'सिव्हिल', 'झेडपी' आणि एक नुसताच 'दाढी'. नातं ठाण्यापर्यंतचं, स्टेशन आलं की आरटीओ एका दाराने उतरतो, भाऊ दुसऱ्या दाराने शेअर रिक्षाच्या रांगेकडे. घरी जाणं-येणं नाही, लग्नाच्या पत्रिका नाहीत. आमच्या सेल्सच्या पोराला लिंक्डइनवर हजारो लोकांची जोडणी आहे, त्यात दोन तर न्यूझीलंडचे. त्याच्या आईला रात्री अकरा वाजता सिव्हिलमध्ये दाखल करायची वेळ आली तेव्हा त्याने फोन केला तो भाऊंना, आणि भाऊंनी 'सिव्हिल'ला.

पण डबा हा नुसता बाहेरचा व्याप झाला. कंपनीच्या आतली सगळी सूत्रं हलतात ती पतपेढीतून. भाऊ कर्मचारी सहकारी पतपेढीचे मानद सचिव आहेत. मानद म्हणजे मानधन नाही, मान भरपूर. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने पगारातूनच हप्ता कापून संस्थेकडे द्यायची सोय करून ठेवली आहे, त्यामुळे पैसे बुडायची भीती कमी. तरी प्रत्येक कर्जाला दोन जामीनदार लागतात, आणि खरी गंमत त्या दोन सह्यांत आहे.

कोणत्याही कंपनीत भिंतीवर एक तक्ता असतो. वर एमडी, खाली तीन चौकोन, त्यांच्या खाली नऊ, प्रत्येकाला सरळ रेघा. हा तक्ता पाहुण्यांसाठी. आमच्या कंपनीचा खरा नकाशा भाऊंच्या कपाटातल्या कर्ज-नोंदवहीत आहे. कोण कोणाला जामीन राहिलं, यापेक्षा माणसाचं मन उघड करणारी गोष्ट दुसरी नाही. वाढदिवसाला केक कोणीही भरवतो. तीन लाखांच्या कागदावर सही करताना हात आखडतो. क्वालिटीचा साहेब मीटिंगमध्ये प्रॉडक्शनच्या साहेबावर गुरगुरतो, आणि नोंदवहीत दोघे एकमेकांचे जामीनदार आहेत. म्हणजे भांडण एमडींना दाखवायचं आहे, हे भाऊंना कळतं. उलट, दोन माणसं रोज एका डब्यातून जेवतात, पण यंदाच्या कर्जाला एकाने दुसऱ्याऐवजी तिसऱ्याची सही आणली. भाऊ काही बोलत नाहीत. फक्त पुढच्या आठवड्यात पिकनिकच्या बसमध्ये दोघांची आसनं लांब टाकतात.

नोकरी सोडणाराही आधी इथेच कळतो. राजीनामा एचआरकडे नंतर जातो, त्याआधी माणूस येऊन सहज विचारतो, "भाऊ, माझं बाकी किती राहिलंय हो?" तेवढ्यात त्याचे दोन जामीनदार घामाघूम झालेले असतात, कारण तो पळाला तर हप्ता यांच्या पगारातून. त्यामुळे एचआरला जे पत्र एक तारखेला मिळतं ते भाऊंना मागच्या महिन्याच्या दहा तारखेलाच ठाऊक असतं, आणि त्या रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी चिपळूणकडचा एक होतकरू मुलगा पंधरा तारखेला डोंबिवलीत मामाकडे राहायला आलेला असतो.

हे घराण्यातच आहे. भाऊंचे आजोबा परळला गिरणीत जॉबर होते. मजूर भरायचे, कामाला लावायचे, अंगावर पैसे द्यायचे, खोली बघून द्यायचे, आणि त्याबद्दल दस्तुरी घ्यायचे, हे सगळं एकाच माणसाच्या हाती. पोरं यायची ती गावकीतली, भावकीतली. बायकांच्या खात्यात हेच काम नायकिणी करायच्या. १९३१ साली व्हिटली यांच्या शाही मजूर आयोगाने आपल्या अहवालात या पद्धतीवर ताशेरे ओढले आणि सांगितलं, की भरती जॉबरच्या हातून काढा, त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. आजच्या एचआर खात्याच्या पूर्वजांपैकी हा एक. आजोबा दस्तुरी घ्यायचे, नातू घेत नाही. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पितो. मला वाटतं, म्हणूनच नातू अधिक ताकदवान आहे. दस्तुरी दिली की हिशेब मिटतो. भाऊंचा हिशेब कधीच मिटत नाही.

मोबाइल आला तेव्हा काही काळ असं वाटलं होतं, की या मंडळींचे दिवस भरले. कंपनीचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. २०१६ मध्ये ग्रुपची मर्यादा २५६ झाली आणि आमची माणसं कंत्राटी धरून तीनशेच्या वर. म्हणजे काही जण बाहेर राहणार. कोण, हे ठरवायला एचआरने यादी भाऊंकडे पाठवली. ते भाऊंचं सुवर्णयुग. आत घेतलेल्याला वाटायचं भाऊंनी घेतलं, बाहेर राहिलेल्याला भाऊ सांगायचे, "मी नाव टाकलं होतं, वरून काटलं." मग २०२२ मध्ये कंपनीने, म्हणजे व्हॉट्सॲपच्या कंपनीने, मर्यादा आधी ५१२ आणि नंतर १०२४ केली. सगळे आत आले. एमडी एका बोटाने थेट फिटरशी बोलू लागले. ओव्हरटाइमची मंजुरी, सुट्ट्यांची यादी, बोनसची तारीख, सगळं सगळ्यांना एकाच क्षणी. ज्याचा धंदाच दोन बाजूंच्या मधे उभं राहण्याचा, त्याने काय करावं? त्या पावसाळ्यात भाऊ खरोखर वाळले. दुसरा फोन थरथरेना. माणसं लिफ्टमधून सरळ वर जाऊ लागली.

पण तीनशे माणसं एका खोलीत कोंडली की कोणी बोलत नाही, हे एमडींना ठाऊक नव्हतं. त्यांनी काहीही टाकलं की खाली 'नोटेड सर', 'थँक्यू सर', हात जोडलेले, पुष्पगुच्छ, आणि रात्रपाळीतल्या कोणाचं तरी चुकून आलेलं सुविचाराचं चित्र. खरं बोलणं दुसरीकडे सरकलं. 'ऑफिशियल' होता, त्यातून 'ऑफिशियल २' निघाला, तोच पण साहेब वगळून. मग 'पॅकिंग नाइट', 'फक्त अकाउंट्स', 'गणपती बस', 'वाढदिवस', आणि 'वाढदिवस (तिला सोडून)'. प्रत्येक ग्रुपची व्याख्या एकच: त्यात कोण नाही. भाऊ यांतल्या जवळजवळ सगळ्यांत आहेत आणि एकाचेही ॲडमिन नाहीत. "ॲडमिन होऊ नये. काही झालं तर पोलीस आधी ॲडमिनला बोलावतात." ते लिहीत नाहीत, फॉरवर्ड करत नाहीत, आवाजही पाठवत नाहीत. लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट निघतो. जिन्यातल्या बोलण्याचा निघत नाही. पूर्वी ते बातमी पोचवायचे. आता बातमी सगळ्यांकडे असते आणि भाऊ सांगतात, की तिचा अर्थ काय. एमडींनी रात्री 'लेट्स टॉक टुमॉरो' असं टाकलं, की सकाळी लिफ्टजवळ रांग: भाऊ, म्हणजे नेमकं कोणाबद्दल?

या ग्रुपांचा कायदा कोणी लिहिलेला नाही, पण शिक्षा ठरलेली आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये चौदा कामगारांची एक खोली संशोधक न्याहाळत बसले होते. त्यात जो भराभर काम उरकायचा, त्याच्या दंडावर बाकीचे ठोसा हाणायचे. दिवसाचं काम किती करायचं हे मालक नाही, खोली ठरवायची. आमच्याकडे एका नव्या ट्रेनी इंजिनिअरने साहेबांच्या रात्री अकराच्या मेसेजला साडेअकराला पूर्ण एक्सेल शीट जोडून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशीपासून त्याच्या कुठल्याही मेसेजखाली काही उमटेना. 'मोटर मिळाली का?' शांतता. 'कोणी आहे का?' शांतता. आमच्याकडे हात उचलत नाहीत, अंगठा उचलत नाहीत. चौथ्या दिवशी पोरगं लिफ्टजवळच्या टेबलाशी. भाऊंनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, की साहेबांना उत्तर द्यायचं ते सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी, आणि शेवटी 'टीमचे आभार' एवढं लिहायचं. संध्याकाळपर्यंत मोटर मिळाली.

मग पुण्याहून एचआरच्या नव्या मॅडम आल्या. एमबीए, हुशार, आणि मुख्य म्हणजे खरोखर काही करू पाहणाऱ्या. त्यांनी कन्सल्टंट बोलावून कंपनीतल्या नात्यांचं सर्वेक्षण केलं. फॉर्मवर तीन प्रश्न: कामात अडलं तर कोणाला विचारता, नवी कल्पना आधी कोणाला सांगता, कोणाशी बोलल्यावर बरं वाटतं. उत्तरं संगणकात घालायची, मग तो माणसांचे ठिपके आणि नात्यांच्या रेघा काढून देतो. आता झालं असं, की बहुतेकांनी नावाच्या जागी नुसतं 'भाऊ' लिहिलं. हे नाव कर्मचाऱ्यांच्या यादीत सापडेना, म्हणून संगणकाने ते कचरा समजून काढून टाकलं. चित्र आलं ते दोन वेगळ्या पुंजक्यांचं. मधे एकही रेघ नाही. कन्सल्टंटने ठळक अक्षरांत लिहिलं, की ऑफिस आणि कारखाना यांच्यात संवाद शून्य.

एमडी हादरले. मॅडमनी मूळ फॉर्म काढून पाहिले, भाऊ कोण ते शोधलं, नाव परत घातलं आणि पुन्हा चित्र काढलं. एमडींचा ठिपका मोहरीएवढा होता, भाऊंचा लाडवाएवढा, आणि दोन्ही पुंजक्यांतल्या झाडून सगळ्या रेघा त्या लाडवात जात होत्या. ही स्लाइड मीटिंगमध्ये दाखवायची की नाही यावर दोन दिवस खल झाला. शेवटी लाडू थोडा लहान करून दाखवली. एमडींनी एकच प्रश्न विचारला, "हा उद्या गेला तर?"

उपाय म्हणून एका चुणचुणीत पोराला भाऊंच्या हाताखाली महिनाभर ठेवलं, ज्ञानाचं हस्तांतरण करायला. भाऊंनी मोठ्या मनाने सगळं दिलं. कोणत्या ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर कोणता, पॅकिंगमध्ये कोणाला काय आवडतं, 'कोर्ट' कोण, 'दाढी' कोण. पोराने वही भरली, त्याचं एक्सेल केलं, रंग भरले. महिन्यानंतर भाऊ मुद्दाम आठवडाभर गावी गेले. नंबर सगळे बरोबर होते. उचलत कोणी नव्हतं.

असं असलं तरी भाऊंची आरती ओवाळायला मी तयार नाही. कारखान्यातली निम्मी भरती कोकणातल्या दोन तालुक्यांतली आहे, आणि गणपतीत प्रॉडक्शन बंद पडतं ते त्यामुळेच; सगळे एकाच गावाला, एकाच एसटीने, भाऊंनीच केलेल्या ग्रुप बुकिंगने जातात, पुढच्या आसनावर प्रॉडक्शनच्या साहेबांच्या सासूबाई. ज्याला तालुका नाही, डबा नाही, पतपेढी नाही, त्याचं काय? नांदेडकडची एक मुलगी डिझाइनला होती. कामाला एक नंबर, बोलायला संकोची. परदेशी प्रशिक्षणाच्या यादीत तिचं नाव असायला हवं होतं. नव्हतं. कोणी विरोध केला नव्हता. कोणी बोललंच नव्हतं. मी भाऊंना विचारलं तेव्हा ते सहज म्हणाले, "ती कधी आलीच नाही माझ्याकडे." यात काही वावगं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं, आणि मला त्यांची कुठलीही वशिलेबाजी या वाक्याइतकी खटकलेली नाही.

त्या मुलीचं पुढे झालं, ते भाऊंना वगळून. आमच्या परचेसच्या ताई रोज लेडीज डब्याने येतात. तिथला कारभार वेगळा. भाजी निवडता निवडता, सेफ्टी पिना आणि ड्रेस मटेरियल विकणारीच्या टोपलीभोवती, कोणत्या कंपनीत काय चाललंय याची उलाढाल होते, आणि त्या गाडीत बँकेच्या ऑफिसरपासून एका डायरेक्टरसाहेबांच्या वहिनींपर्यंत सगळ्या उभ्या असतात. ताईंनी त्या मुलीला एका सोमवारी हाताला धरून त्या डब्यात चढवलं. पुढच्या वर्षीच्या यादीत तिचं नाव दुसरं होतं. ते कोणी घातलं याचा शोध भाऊ आजही घेत आहेत. सबंध ठाणे जिल्ह्यात ज्या एका खोलीत त्यांना शिरकाव नाही ती ही, आणि ताई समोरून आल्या की भाऊ खुर्चीतून अर्धे उठतात.

आणि तरी २३ मे २०२४ ची दुपार मी विसरत नाही. डोंबिवली एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. माणसं गेली, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या, आमच्या शेडच्याही. आम्ही ठाण्याच्या मानपाड्यात टीव्हीवर धुराचा लोट पाहत होतो. कंपनीच्या आणीबाणीच्या ग्रुपवर सूचना आली, की सर्वांनी आपली उपस्थिती दिलेल्या लिंकवर नोंदवावी. लिंक उघडत नव्हती. भाऊ जिन्यात होते, दोन्ही कानांना दोन फोन. संध्याकाळी ते बाहेर आले तेव्हा डिस्पॅचच्या पावतीबुकाच्या पाठीमागे एकेक नाव लिहिलेलं होतं आणि प्रत्येकासमोर तो कुठे आहे ते: घरी, मेव्हण्याकडे, काच लागली पण ठीक, दवाखान्यात पट्टी. त्यात लोडिंगच्या कंत्राटी पोरांची नावं होती, जी कंपनीच्या कुठल्याच यादीत नव्हती. भाऊंकडे होती, कारण कधीतरी त्यांनी त्या पोरांच्या फोनचं रिचार्ज मारून दिलं होतं. एमडींनी तो कागद हातात घेतला आणि नुसते पाहत राहिले. तेव्हा सर्वेक्षणाचा विषय कोणी काढला नाही.

एचआरच्या मॅडमनी गेल्या महिन्यात राजीनामा दिला. ऐरोलीच्या एका बड्या कंपनीत वरची जागा, पगार भरघोस. लिंक्डइनवरून थेट जमलेलं, असं त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. मधे कोणीही नाही. सुटायच्या आधी सगळ्या खात्यांच्या ना-देय दाखल्यावर सह्या घ्यायच्या असतात. पतपेढीच्या रकान्यात मॅडमनी स्वतःच 'लागू नाही' लिहून टाकलं, कारण त्यांनी कधी कर्ज घेतलं नव्हतं. कागद परत आला. मग त्यांना आठवलं, की रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात भाऊ एक फॉर्म घेऊन आले होते, "मॅडम, सगळे साहेब सभासद होतात, पद्धत आहे," आणि त्यापाठोपाठ दुसरा, "फक्त सही." पॅकिंगमधल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. मॅडम दोन लाखांच्या जामीनदार होत्या.

त्या तरातरा खाली आल्या. मी बिलं घेऊन तिथेच उभा होतो, त्यामुळे पुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"बसा मॅडम," भाऊ म्हणाले. "अभिनंदन. तिथल्या एचआरवाल्यांचा फोन आला होता मला."

"तुम्हाला? तुम्ही त्यांना ओळखता?"

"मी नाही. त्यांच्या ॲडमिनचा एक जण आमच्या डब्यात असतो. त्यांनी विचारलं, मॅडम कशा आहेत."

मॅडम खुर्चीच्या कडेवर बसल्या. "मग काय सांगितलंत?"

"चांगलंच सांगितलं की. फार हुशार, मनाने मोठ्या, माणसं जोडणाऱ्या. फक्त रविवारी फोन उचलत नाहीत, एवढं मधे टाकलं."

"ते कशाला?"

"सगळंच गोड सांगितलं तर लोकांना संशय येतो, मॅडम." भाऊंनी ड्रॉवर उघडून नोंदवही बाहेर काढली, थुंकी लावून पान उलटलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. "तुमच्या जागी जामीनदार कोण देताय ते तेवढं आज सांगा. शनिवारी कमिटीची मीटिंग आहे, आणि एमडीसाहेबांचं नाव आधीच दोन ठिकाणी लागलेलं आहे."